लहान हर्निया आहे, पुन्हा वजनं उचलू का?

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, राहायला ठाण्यात वर्तकनगरला, ऑफिस बीकेसीत. आठ वर्षं नियमित जिम, डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उभं राहत उचलणं) १४० किलोपर्यंत पोचलेली. चार महिन्यांपूर्वी आंघोळ करताना उजव्या जांघेत सुपारीएवढा फुगवटा हाताला लागला. आडवं झालं की तो जातो, दुखत नाही, पण दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी तिथे जड वाटतं. सर्जननी तपासलं, सोनोग्राफी झाली. इंग्वायनल, म्हणजे जांघेतला हर्निया आहे, लहान आहे, बाहेर आलेलं आपोआप आत जातंय, ऑपरेशनची घाई नाही, लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मग जिमच्या ट्रेनरनी बजावलं, आता जन्मभर वजनाला हात लावायचा नाही. जिममधला मित्र म्हणाला, बेल्ट घट्ट बांध आणि चालू ठेव. या दोघांच्या मध्ये अडकून चार महिने घरी बसलात, सहा किलो वाढलात, आणि आता विचारताय की पुन्हा उचलू का.

उचला. पण मित्र सांगतो तसं नाही, आणि आठ वर्षांपूर्वी शिकलात तसंही नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नौपाड्यात २२ वर्षं काम करतोय, आणि स्वतः आठवड्यातून तीन दिवस जिममध्ये वजनाच्या बारखाली उभा राहतो. हर्निया असलेले किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेले, आणि तरी वजनं सोडायची नाहीत असे लोक माझ्याकडे सतत येतात. त्यांना पहिल्याच दिवशी जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. तुमचं वैर वजनाशी नाही, कुंथण्याशी आहे. हे नीट समजलं की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

हर्नियाला जुन्या मराठीत अंतर्गळ म्हणत, आणि शब्द अगदी नेमका आहे: आतलं काहीतरी गळून खाली उतरतं. पुरुषांच्या जांघेत दोन्ही बाजूंना साधारण चार सेंटिमीटर लांबीचा एक तिरका बोगदा असतो. त्यातून वृषणाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून तिथे पोटाची भिंत मुळातच कच्ची असते. काहींचा बोगदा जन्मापासून पूर्ण मिटलेलाच नसतो, काहींची मागची भिंत वयाबरोबर सैल पडते. पोटातला दाब वाढला की आतली चरबी किंवा आतड्याचा भाग या कच्च्या जागेतून बाहेर ढकलला जातो. सुमारे चार पुरुषांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. जिमला कधी न गेलेल्यांनाही होतो, तेव्हा डेडलिफ्टने आपण स्वतःचं वाटोळं केलं ही बोच आधी मनातून काढा.

आता दाबाचं बोलू. २००५ साली एका अभ्यासात २० निरोगी तरुण माणसांच्या पोटातला दाब निरनिराळ्या हालचालींत मोजला होता. नुसतं उभं राहिल्यावर सरासरी २० मिलिमीटर पारा, उभ्याने खोकताना १०७, जागच्या जागी उडी मारताना १७१. आणि दहा पौंडाचं, म्हणजे साडेचार किलोचं वजन उचलताना? २५ च्या आसपास. म्हणजे एक जोरदार खोकला हा हलक्या डंबेलपेक्षा चौपट दाब देतो. त्याच वेळी हेही खरं, की जड स्क्वॉट (वजन घेऊन बैठक) किंवा डेडलिफ्ट छातीत दम कोंडून मारली तर दाब उडीच्याही वर जातो. वजनाचा आकडा हा या हिशेबाचा एक भाग झाला. श्वास कुठे आहे हा दुसरा, आणि माझ्या अनुभवात तो मोठा.

हे पटवायला मी शब्द वापरत नाही, हात वापरायला लावतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी काम करणारे एक काका काही वर्षांपूर्वी आले होते. वय ५२, डाव्या जांघेत हर्निया, ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची, आणि तोवर काम पूर्ण थांबवणं परवडणारं नव्हतं. मुकादमाने त्यांना हलक्या कामावर ठेवलं होतं, पण हलकं म्हणजे तिथे दहा-पंधरा किलोचे बॉक्स. मी त्यांना फुगवट्यावर स्वतःची दोन बोटं ठेवून उभं केलं आणि दुसऱ्या हाताने जमिनीवरचं दहा किलोचं डंबेल उचलायला सांगितलं. त्यांनी सवयीने दम रोखला, गाल फुगले, मानेची शीर उभी राहिली, आणि ते एकदम म्हणाले, "बोटाला धडक दिली त्यानं." मग तेच डंबेल, तीच उंची, फक्त उचलताना तोंडाने "हूंऽऽ" असा लांब आवाज काढत. बोटाखाली जेमतेम हललं. त्यांनी चार वेळा उचलून पाहिलं, दोनदा दम रोखून, दोनदा आवाज करत. मग स्वतःच म्हणाले, आमचे जुने लोक पोती उचलताना "हैस्सा" ओरडायचे ते उगाच नव्हतं.

उगाच नव्हतंच. तोंडातून आवाज निघत असेल तर श्वास बाहेर जातोय, आणि श्वास बाहेर जातोय तोवर माणसाला पूर्ण ताकदीने कुंथता येत नाही. म्हणून माझ्या हर्नियावाल्या लोकांना मी एकच कसोटी देतो: उचलताना आकडा मोठ्याने मोजा. "सात" म्हणताना आवाज अडकला, तर तो सेट सातव्यालाच संपला. बारवर किती किलो आहेत ते मग बघू.

या आवाजामागे शरीराची एक सोयही आहे. खालच्या पोटाचे आतले स्नायू जांघेच्या बोगद्यावरून कमानीसारखे जातात. श्वास सोडत हे स्नायू हलकेच आत ओढले की कमान खाली उतरते आणि दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशी ती कच्ची जागा झाकते. पोट बाहेर ढकलून कुंथलं की शटर वरच राहतं आणि आतून मात्र धक्के बसतात. भोक व्यायामाने बुजत नाही, हे स्पष्ट सांगतो. "हर्निया घालवणारी पाच आसनं" असं काही कोणी पाठवलं तर त्यावर विसंबू नका. पण शटर वेळेवर खाली ओढायची सवय शिकता येते, आणि तुमची सगळी तयारी त्यासाठी आहे.

बारला हात लावण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा. पहिली, हर्निया नेमका कोणता. तुमचा इंग्वायनल आहे आणि सर्जननी उभं करून, खोकायला लावून तपासलंय, त्यामुळे तुमच्यापुरता प्रश्न मिटला. पण हे वाचणाऱ्या बायकांसाठी थांबून सांगतो. जांघेत थोडा आणखी खाली, मांडीच्या सुरुवातीला येणारा फीमोरल हर्निया बायकांमध्ये जास्त दिसतो आणि त्यात आतडं अडकण्याचा धोका बराच मोठा असतो. तिथे "लक्ष ठेवा" हा पर्याय नसतो, लवकर ऑपरेशन करून घ्यायचं असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या जांघेतली गाठ मी स्नायू ताणल्याची समजून दोन आठवडे शेक आणि व्यायाम देत बसलो होतो. नशिबाने त्यांच्या मुलीने त्यांना सर्जनकडे नेलं. तेव्हापासून जांघेतली कुठलीही गाठ सर्जननी पाहिल्याशिवाय मी व्यायाम सुरू करत नाही.

दुसरी गोष्ट, धोक्याची खूण पाठ असू द्या. फुगवटा एरवी आत जातो आणि आज जात नाही, कडक झालाय, दुखणं वाढत चाललंय, वरची कातडी लाल किंवा काळसर दिसतेय, उलट्या होतायत, गॅस आणि संडास बंद आहे, यातलं काहीही दिसलं तर ती सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही. आत अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तासागणिक नुकसान वाढतं. जोर लावून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका, १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. माझ्या ओळखीतला एक तिशीचा मुलगा रात्री अकराला असं दुखायला लागल्यावर "गॅस असेल" म्हणून ओवा खाऊन झोपला. सकाळी ऑपरेशनमध्ये आतड्याचा एक तुकडा काढावा लागला. तुमच्या घरापासून रात्रीसुद्धा सर्जन हजर असणारं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा.

याच ओघात आणखी एक. जड उचलून पोटात दुखलं की आपल्याकडे "बेंबी सरकली" म्हणतात आणि कुणीतरी जाणती आजी किंवा मालिशवाला तेल लावून पोट चोळून देतो. हर्निया असलेलं पोट कुणालाही चोळू देऊ नका, माणूस कितीही जवळचा असो.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिले दोन आठवडे जिमची पायरीही चढायची नाही, असं म्हटल्यावर तुमचा चेहरा पडेल, पण हेच दोन आठवडे लोक गाळतात आणि नंतर परत येतात. सकाळी आणि रात्री, पाठीवर झोपून गुडघे उभे. एक हात जांघेवर, एक बेंबीखाली. नाकाने श्वास घेताना बरगड्या बाजूला उघडू द्या, मग दातांमधून "स्स्स" करत सहा-सात सेकंद सोडा. सोडताना लघवी मधेच अडवावी तसं खालून हलकंच वर ओढा आणि बेंबीखालचा भाग पाठीकडे जाऊ द्या. पोट दगडासारखं कडक करायचं नाही. हाताखालचा फुगवटा श्वास सोडताना स्थिर राहिला किंवा आत गेला तर बरोबर, बाहेर आला तर तुम्ही ढकलताय. झोपून जमलं की बसून, बसून जमलं की उभ्याने, आणि शेवटी खुर्चीतून उठताना. खुर्चीतून उठणं म्हणजे स्क्वॉटच आहे. दहा वेळा खुर्चीतून उठताना फुगवटा पुढे येत नाही इथपर्यंत पोचलात की बार हातात घ्या. या दोन आठवड्यांत चालणं भरपूर ठेवा. उपवनला तलावाभोवती फेऱ्या मारा, हवं तर येऊरचा चढ सावकाश चढा. सहा किलो वाढलेत ते उतरवायलाही याचा उपयोग आहे, कारण पोटातली चरबी चोवीस तास आतून दाबत असते.

तिसऱ्या आठवड्यापासून जिम. मी आधी बसून किंवा टेकून करायचे व्यायाम देतो, कारण त्यात फुगवट्यावर गुरुत्वाकर्षणाचा आणि तोल सांभाळायचा ताण कमी पडतो. लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं), छाती टेकवून केलेलं रोइंग, सपाट बेंचवर डंबेल प्रेस पाय जमिनीवर ठेवून. पायांसाठी छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट, आणि पाठीवर झोपून कंबर उचलायचा ब्रिज. वजन जुन्याच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत. बारा-पंधरा रेप्स, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा, आणि संपवताना अजून चार-पाच जमल्या असत्या असं वाटलं पाहिजे. शेवटची रेप दात-ओठ खाऊन पुरी करण्याची सवय तुमच्यात आठ वर्षं मुरलेली आहे, ती मोडायला वेळ लागेल. ट्रेनर "एक और, एक और" म्हणून बाजूला उभा राहत असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

काय टाळायचं तेही सांगतो. पोटाचे क्रंच, सिट-अप, लटकून पाय वर उचलणं हे पूर्ण बंद. हर्निया आहे म्हणून "पोट मजबूत करू" असं ठरवून लोक पहिल्यांदा हेच करतात, आणि यातच पोट पुढे ढकललं जातं. बर्पी (जमिनीवर जाऊन उठून उडी मारणं) आणि बॉक्स जंप बंद. वरचा १७१ चा आकडा आठवा, तो नुसत्या उडीचा होता. खोल लेग प्रेस बंद, कारण मांड्या पोटावर येऊन दाबतात आणि त्या यंत्रावर प्रत्येक जण दम रोखतो, मी अजून अपवाद पाहिलेला नाही. रुंद पायांची सुमो डेडलिफ्ट जांघेला ताणते, ती सध्या नको. आणि एका रेपचा जास्तीत जास्त आकडा काढायचा नाही, या वर्षी नाही आणि ऑपरेशन होईपर्यंत कधीच नाही.

बेल्टबद्दल जरा थांबतो, कारण तुमच्या मित्राचा सल्ला सगळ्यात जास्त ऐकला जातो. वजन उचलायचा चामड्याचा बेल्ट पोट आत धरून ठेवतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो पोटाला रेटायला भिंत देतो, म्हणजे आतला दाब वाढवतो. कण्याला आधार मिळतो तो त्या वाढलेल्या दाबामुळेच. जांघ बेल्टच्या खाली उघडी राहते, आणि वाढलेला दाब नेमका तिथे उतरतो. तुमच्यासाठी हा उपाय उलटा आहे. मेडिकलमध्ये मिळणारा हर्नियाचा पट्टा वेगळा. तो फुगवट्यावर गादी दाबून धरतो, दिवसभर उभं राहायचं असेल तर बरं वाटतं. पण तो फुगवटा पूर्ण आत गेल्यावर, आडवं होऊनच बांधायचा, आणि पट्टा आहे म्हणून वजन वाढवायचं नाही. जुन्या तालमीत वस्ताद लंगोट घट्ट कसायला लावत. त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे, पण लंगोटाने बोगदा मिटत नाही.

सहाव्या-आठव्या आठवड्यात, सगळं शांत असेल तर, उभ्याने करायचे व्यायाम आणा. डेडलिफ्टला परत जायचंय ना? बार जमिनीवर ठेवू नका, रॅकमध्ये गुडघ्याच्या उंचीवर ठेवा आणि ४० किलोपासून सुरू करा. खाली वाकण्याआधी श्वास घ्या, बार हलायच्या आधीच सोडायला सुरुवात करा, शटर खाली ओढा, मग उचला. क्रम उलटा झाला, म्हणजे बार आधी हलला आणि श्वास नंतर सुटला, की उपयोग गेला. दर दोन आठवड्यांनी पाच किलो, त्याहून घाई नाही. एका हातात डंबेल धरून सरळ चालणं हा या टप्प्यातला माझा सगळ्यात आवडता व्यायाम आहे: वजन बाजूला ओढतं, पोटाच्या भिंतीला प्रामाणिक काम मिळतं आणि चालता चालता बोलता येतं, म्हणजे कसोटी आपोआप होते. माझा ठोकताळा असा की लहान, न दुखणाऱ्या हर्नियात जुन्या वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांबावं. तुमच्यासाठी ते साधारण ९० किलो. हा आकडा पुस्तकातला नाही, २२ वर्षांत ज्यांचं बरं चाललं त्यांच्याकडे बघून काढलेला आहे. ९० किलो श्वास सोडत, नीट, आठ वेळा उचलणाऱ्या माणसाला ताकदीची कमतरता नसते.

पुढे जायचं की मागे, हे फुगवटा ठरवेल. व्यायामाच्या दिवशी सकाळी उठल्यावर, व्यायामानंतर आणि झोपताना आरशासमोर उभं राहून बघा. व्यायामानंतर थोडा जास्त दिसला आणि आडवं झाल्यावर पाच मिनिटांत गेला, तर चालेल, तिथेच थांबा, वाढवू नका. रात्री जांघेत ठणका, वृषणाकडे जाणारी ओढ, किंवा दुसऱ्या सकाळीही जड वाटणं, म्हणजे काल जास्त झालं. एक टप्पा मागे या, दहा दिवस तिथे राहा.

यापुढचं जिमबाहेरचं आहे, आणि माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. तुम्ही आठवड्यातून तीन तास वजनं उचलणार, बाकीचे तास काय करता? भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, त्यात गॅस १४.२ किलो आणि उरलेली लोखंडाची टाकी. तो कमरेत वाकून, दम कोंडून, अंग पिळत ओट्याखाली सरकवताना कुणी सेट मोजत नाही. पाण्याचा २० लिटरचा जार उलटा करून ठेवणं, स्कूटर मेन स्टँडला लावणं, ठाणे स्टेशनवर सकाळच्या गर्दीत दांडा धरून स्वतःला डब्यात खेचून घेणं, हे सगळं त्याच जांघेवर येतं. सिलिंडर कडेने गोल फिरवत न्या, जारसाठी नळाचा स्टँड घ्या, स्कूटर साइड स्टँडला लावा. लोकलमध्ये ढकलाढकली टळत नाही हे मला माहीत आहे, मीही ठाणेकर आहे. निदान ठाण्याहून सुटणारी गाडी पकडा, म्हणजे निवांत चढता येईल, आणि पाठीवरची सॅक पुढे पोटावर घट्ट दाबून धरू नका, हातात खाली घ्या.

सणासुदीचंही बोलायला हवं. ठाण्यात दहीहंडीचे थर ज्या उंचीचे लागतात, त्यात तळाच्या थरात उभा राहणारा माणूस किती वेळ दम धरून असतो ते आपण बघतोच. हर्निया असताना तळाला उभं राहायचं नाही, पथक कितीही जुनं असो. गणपतीत चौरंगासकट मूर्ती उचलून जिना उतरतानाही चौघांनी उचला, आणि मोरया मोठ्याने म्हणा. ते म्हणताना कुंथता येत नाही.

संडासाचं लोक बोलत नाहीत, म्हणून मीच विचारतो. बद्धकोष्ठ असेल तर रोज सकाळी तुम्ही विनावजनाची सगळ्यात वाईट डेडलिफ्ट करताय. प्रोटीन पावडर सुरू केल्यावर भाकरी, पालेभाजी, फळं मागे पडली की हे होतं. पाणी वाढवा, गरज पडली तर रात्री इसबगोल घ्या, कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट ठेवा म्हणजे गुडघे वर येतील आणि जोर लावावा लागणार नाही. खोकल्याचंही तसंच. सिगारेट ओढत असाल तर ती दोन बाजूंनी मारते: खोकला देते आणि ऊतींची वीणही कमजोर करते. घोडबंदरच्या धुळीने ॲलर्जीचा खोकला महिनोन् महिने रेंगाळत असेल तर आधी त्याचं औषध घ्या, मग जिमचं बघू. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की तळहात जांघेवर दाबून धरा. पन्नाशीपुढच्यांना लघवीला जोर लावावा लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घेणं हा हर्नियाच्याच उपचाराचा भाग आहे. बेंबीचा हर्निया असलेल्यांनाही हेच सगळं लागू आहे, फक्त हात जांघेऐवजी बेंबीवर.

शेवटचा मुद्दा ऑपरेशनचा. तुमच्या पत्रात मला तो टाळायची इच्छा दिसली, म्हणून आकडे समोर ठेवतो. लक्षणं नसलेल्या किंवा किरकोळ असलेल्या ७२० पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांचं ऑपरेशन लगेच केलं, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. लक्ष ठेवलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारामागे दोनपेक्षाही कमी निघालं, म्हणून तुमचे सर्जन घाई नाही म्हणतात ते योग्यच आहे. पण त्याच गटातल्या २३ टक्के लोकांनी दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलं, आणि दहा वर्षांपर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला, बहुतेक वेळा दुखणं वाढल्यामुळे. ते सगळे वजनं उचलणारे नव्हते, एवढं लक्षात असू द्या. म्हणजे आज थांबणं सुरक्षित आहे, पण कधीतरी ऑपरेशन होईल हे धरून चाला.

आणि तुम्हाला खरोखर पुन्हा १४० उचलायचे असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: ऑपरेशनने कच्च्या जागेवर जाळी बसवून दुरुस्ती करून घ्या आणि मग उचला. उघड्या भोकावर १४० चा हट्ट मी माझ्या भावालाही करू देणार नाही. ऑपरेशनलाही स्वतःची किंमत आहे. शंभरातल्या दहा-बारा जणांना जांघेत लक्षात येण्याजोगं दुखणं बरेच महिने राहतं. त्यातल्या बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, थोड्यांचं रोजच्या कामात आड येतं. म्हणून ते कोण करतंय आणि त्यांनी अशी किती केली आहेत, हे विचारायला लाजू नका. नंतरच्या विश्रांतीबद्दल आपल्याकडे अजून "तीन महिने बादलीही उचलू नका" सांगतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात की दुखणं सोसेल तसं लवकर नेहमीच्या हालचालींना लागावं, लांबलचक बंदीची गरज नाही. जिमसाठी मी थोडा जास्त सावध असतो: त्याच दिवसापासून चालणं, दोन-तीन आठवड्यांनी वरचे श्वासाचे व्यायाम आणि हलकी वजनं, सहा आठवड्यांनंतर सर्जनना विचारून बार. आधी श्वास शिकलेला माणूस ऑपरेशननंतर भराभर पुढे जातो. एपीएमसीतले ते काका त्यांच्या सर्जनच्या परवानगीने दोन महिन्यांत कामावर गेले.

उद्यापासून एक वही करा. तारीख, सकाळी फुगवटा केवढा, झोपताना केवढा, कोणता व्यायाम, किती किलो, किती वेळा, आणि मोजताना आवाज कितव्या आकड्याला अडकला. तीन महिन्यांनी ती वही घेऊन सर्जनकडे जा आणि पुन्हा उभ्याने तपासून घ्या. मधल्या काळात फुगवटा सुपारीचा लिंबाएवढा झाला, तर तीन महिने थांबू नका.